गुरुवारी साडेसहाला टीव्ही लावू नका

लिंबायत, सुरत
सोमवार, खात्याची सुट्टी

तीर्थस्वरूप दादांच्या पायाशी,

सुरतेहून धाकट्या निंबाचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तिकडे तुम्हीही बरे असाल असं धरून चालतो, कारण माझा फोन तुम्ही दुसऱ्या घंटीला कापता आणि आजारी माणसाला इतकी चपळाई जमत नाही. वहिनींचा गुडघा कसा आहे? मागच्या अंगणातला शेवगा वादळात पडला असं ऐकलं, वाईट वाटलं. सरस्वतीने वहिनींना नमस्कार सांगितला आहे (दोघी रोज अर्धा तास फोनवर बोलतात, पण पत्रात नमस्कार गेला नाही तर तिला चैन पडत नाही). पोरगी योगिताचाही नमस्कार. ती गुजरातीत म्हणाली, मी मराठीत लिहिला.

आता मुद्द्याचं. दर रविवारी संध्याकाळी सरकारी चॅनलवर येत्या आठवड्याचे ठळक कार्यक्रम सांगतात आणि तुम्ही खाटेवर मांडी घालून ते वहीत उतरवून घेता. (घरावर टीव्हीची छत्री बसल्यापासून ही तुमची सतरावी वही, असं वहिनी सांगतात. भाषा गुजराती असो की ओडिया, चॅनल सरकारी आहे ना, मग त्यावर खोटं दाखवणार नाहीत, हा तुमचा विश्वास मला ठाऊक आहे. या आठवड्यात मला त्याचीच धास्ती आहे.) काल तुमच्याकडे वादळाने लाइट नव्हती, म्हणजे वहीचं पान कोरं राहिलं असणार. त्यातून तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. तेव्हा गुजरात चॅनलचा आठवडा मीच उतरवून पाठवतो. सुकलाल उद्या सकाळच्या भुसावळ गाडीने गावी निघालाय, त्याच्या पिशवीत हे पत्र टाकतो.

मंगळवारी संध्याकाळी शेतीच्या कार्यक्रमात केळीवरचा करपा आहे, जरूर बघा. बुधवारी साडेसातला एक डॉक्टर फोनवरून गुडघेदुखीवर सल्ला देणार आहेत. वहिनींना घेऊन बसा. फोन लागला तर विचारा, नाही लागला तरी इतरांचे गुडघे ऐकून आपल्याला जरा बरं वाटतं. शुक्रवारी दुपारी जुना काळापांढरा सिनेमा आहे, त्यात कोणी कोणाशी धड बोलत नाही आणि शेवटी सगळे रडतात. शनिवारी शाळकरी पोरांची प्रश्नमंजूषा (पोरांना येत नाही आणि तुम्हाला येतं, हे तुमचं आवडतं सुख). रविवारी गीरच्या सिंहांवरचा माहितीपट, यंदा चौथ्यांदा. सिंह तेच आहेत.

गुरुवारी विशेष काही नाही.

एवढं लिहून मी उठलो. नळाला पाणी आलं का बघून आलो, ते संध्याकाळी येतं हे माहीत असून. जिना उतरलो, चढलो. सरस्वती म्हणाली, बसा नाहीतर बाहेर जा, दारात येरझारा नकोत. पुन्हा बसलोय. दादा, तुम्हाला खोटं लिहायला माझा हात वळत नाही. गुरुवारी साडेसहाला ‘शेजाऱ्यांचे सण’ म्हणून अर्ध्या तासाचा कार्यक्रम आहे आणि त्यात लिंबायतमधल्या एका खानदेशी घरची कानबाई दाखवणार आहेत. ते घर माझं आहे. त्यात तुमच्या नावाच्या जागी मी दुसऱ्याच माणसाचं नाव घेताना दिसतो. ते तुम्ही पाहिलंत, तर आपल्यात जे काही थोडं उरलंय तेही जाईल. म्हणून हात जोडून सांगतो, त्या अर्ध्या तासात टीव्ही लावू नका. शेताकडे जा, देवळात जा, कोणाकडे सुपारी खायला जा.

हे घडलं कसं ते मुळापासून सांगतो. गेल्या वर्षी श्रावणात ठाकोरभाईंनी मला सुट्टी नाकारली. (ठाकोरभाई म्हणजे आमच्या खात्याचे, मागांच्या कारखान्याचे, मुकादम. अठ्ठेचाळीस माग, चोवीस कारीगर आणि रजेचं रजिस्टर एकट्या ठाकोरभाईंच्या काखेत.) राखीच्या साड्यांची घाई होती. कानबाईला गावी येता येईना, घरात सण नाही म्हणून सरस्वतीचा जीव कासावीस, तेव्हा मी इथेच खोलीत चौरंग मांडला. मांडण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं. ती चूक माझी, आजवर शंभरदा मनात कबूल केली, आज लिहून करतो. थोरल्याच्या घरचे कानबाईचे रोट सोडून धाकट्याने परस्पर मांडणी केली म्हणजे तो वेगळा निघाला, असाच भाऊबंदांत अर्थ होतो. तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, “येगळी मांडी ना? मंग तठेच ऱ्हाय.” त्याला तेरा महिने झाले. त्यानंतर तुमचा आवाज मी ऐकला तो वहिनींच्या फोनमधून, लांबून, म्हशीवर ओरडताना.

यंदाही सुट्टी नाही मिळाली, आणि एकदा मांडल्यावर मध्येच खंड कसा पाडायचा म्हणून यंदाही मांडली. तेवढ्यात चॅनलची हर्षदा नावाची मुलगी सोसायटीत कानबाईचं घर शोधत आली. तिला आमची खोली पसंत पडली, कारण खिडकी मोठी आहे. ती शनिवारी सकाळी सहाला येणार होती, आली साडेदहाला (तिच्या गाडीवाल्याला उधना कुठे संपतं ते कळेना). तोवर आमचं सगळं उरकलेलं. परात पुसून घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू घेतले. पहिली मूठ तुमची. रामदास, असं तुमचं नाव मी चांगलं मोठ्याने घेतलं, सरस्वती साक्षीला आहे. रोटांसाठी गहू दळूनही आले होते. हर्षदाचं तोंड उतरलं. म्हणाली, “काका, फरी एक वार करो ने.” नुसतं पुन्हा करून चालणार नव्हतं, नावंही मोठ्याने हवी होती, कारण आधी ऐकून तेच तिला फार आवडलं होतं.

आता अडचण समजून घ्या. एका वर्षात एका माणसाच्या नावाची मूठ एकदाच घ्यायची, दुसऱ्यांदा घेतली तर पहिली वाया जाते, असं आई सांगायची. (सांगायची ना? का मी दुसरीकडे कुठे ऐकलं? महिना झाला आठवतोय.) तुमची खरीखुरी मूठ मी कॅमेऱ्यासाठी वाया कशी घालवू? म्हणून ठरवलं की घरातलं एकही नाव घ्यायचं नाही, चार भलतीच नावं घ्यायची. फार हुशारीचं वाटलं त्या वेळी. मग त्यांनी तोंडावर दिवा लावला, दारात शेजारी गोळा झाले, आणि भलतं नाव म्हणून एकही नाव आठवेना. हर्षदाने बोट वर केलं. अकरा अकरा तास जे नाव खात्यात कानावर पडतं तेच तोंडातून निघालं. घरातल्या थोरल्याची पहिली मूठ मी ठाकोरभाईंच्या नावाने घेतली. ज्या माणसाने मला तुमच्याकडे येऊ दिलं नाही, त्याच्याच. दुसरी मूठ लखन रिक्षावाल्याची, तिसरी हर्षदाच्या गाडीवाल्याची, आणि चौथीला काहीच सुचेना तेव्हा ‘इतर मान्यवर’ म्हणालो. सरस्वतीने पदर तोंडाला लावला. कार्यक्रमात तो भक्तिभाव वाटेल.

मंडळी गेल्यावर ती मला काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही, त्यातलं सौम्य तेवढं लिहितो. “मोठला भाऊनं नाव सोडीसन त्या मुकादमनं नाव लिधं? तुम्हले काही समजस का?” मी म्हटलं, खरी मूठ दादांचीच आहे. ती म्हणाली, ती कोणाला दिसणार आहे? तेव्हापासून मला झोप नाही, बसणं नाही, की जेवण गोड लागणं नाही. मागावर धागा तुटलेला मला दिसत नाही, परवा हातभर कापड फुकट गेलं.

त्यात कालचा रविवार. आमच्याकडे लाइट होती. ठळक कार्यक्रमांत सिंहांना पाच सेकंद दिले आणि मला पंधरा. पंधरा सेकंदांत नेमकी पहिली मूठ, आणि वरून त्या बाईंचा गोड आवाज, की परिवाराचे वडील ठाकोरभाई यांच्या नावाने आरंभ होतो. मी लगेच हर्षदाला फोन लावला आणि तेवढं कापता येईल का विचारलं. ती म्हणाली, “काका, सौथी सरस भाग तो ए ज छे.” सगळ्यात चांगला भाग तोच, मग कापायचं काय?

आज सुट्टी असून सकाळीच ठाकोरभाई जिना चढून वर आले. हातात नानखटाईचं खोकं. सहा वर्षांत हा माणूस कारीगराच्या दारात आलेला मी पाहिला नव्हता. खुर्चीवर बसले, चौरंग कुठे मांडता विचारलं, आणि मग एकदम म्हणाले, “निंबाभाई, मारो भाग क्यां?” रोटातला त्यांचा वाटा मागत होते. रोट भाऊबंदांखेरीज कोणाच्या तोंडी जात नाही, शिवाय त्याला महिना होऊन गेला, हे सांगणार होतो, पण त्यांचे डोळे भरले होते. घरी एकटेच असतात. म्हणाले, आयुष्यभर लोकांनी नाव घेतलं ते शिव्या घालायला. गुरुवारी सगळी गल्ली बोलावून बसणार आहेत. सरस्वतीने त्यांना चहा दिला आणि त्यांच्या पाठीआडून माझ्याकडे जे पाहिलं, ते तुम्ही पाहिलं असतंत तर मला निम्मं माफ केलं असतंत.

तुम्ही टीव्ही लावणार नाही, अशी आशा धरायलाही जागा नाही. कारण मला कळलंय की तुम्ही रोज सातच्या गुजराती बातम्यांना बसता आणि उकाई धरणातून किती पाणी सोडलं ते बघता. तापी भरली की लिंबायतच्या खाडीला पाणी येतं, म्हणून. (हे वहिनींनी सरस्वतीला सांगितलं आणि निंबाला सांगू नको असंही सांगितलं. आता लिहून गेलं, खोडलं तर पत्र घाण दिसेल.) हे ऐकलं त्या दिवशी मी माग सोडून बाहेर गेलो आणि नळाखाली डोकं धरलं. सातच्या बातम्यांसाठी तुमचा टीव्ही साडेसहाला लागलेला असतो. म्हणजे ज्या मायेने तुम्ही चॅनल लावाल, त्याच चॅनलवर मी तुम्हाला हे दाखवणार.

शिवाय आत्ता यादी पुन्हा वाचली तर कळलं की कार्यक्रम शुक्रवारी सकाळी नऊला पुन्हा आहे आणि रविवारी दोनला आणखी एकदा, सिंहांच्या आधी. किती वेळा तुम्हाला शेताकडे पाठवू? छत्री थोडी गोठ्याकडे वळवली तर गुजरात दिसेनासा होतो म्हणतात, पण वहिनींना शिडी चढायला सांगू नका, गुडघा आहे. लिहिण्यात अधिकउणं झालं असेल तर धाकटा समजून पोटात घाला. वडीलधाऱ्यांना नमस्कार, म्हणजे पुन्हा तुम्हालाच.

तुमचाच (टीव्हीवर काहीही दिसलं तरी),
निंबा

ता. क. मंगळवार. पत्र सुकलालला दिलं नाही. स्टेशनवर गेलो, त्याच्या पिशवीत टाकलं, गाडी हलायला लागली तशी खिडकीतून हात घालून परत काढलं. सुकलाल वाटेत वाचतो आणि वाचलेलं नंदुरबारपासून पुढे सगळ्या डब्याला सांगतो. शिवाय वाचून तुम्ही टीव्ही लावला नाहीत, तर मला कधी कळणारच नाही की तुम्ही पाहिलं असतंत तर काय म्हणाला असतात. हे आणखी वाईट.

ता. क. दुसरा. बुधवार. ठाकोरभाईंना खरं सांगून टाकलं, की ती मूठ खोटी होती आणि थोरले भाऊ तेरा महिने बोलत नाहीत. मला वाटलं नोकरी गेली. त्यांनी रजिस्टर उघडून माझं पान काढलं. मग म्हणाले, “वडील तरीके पहेलो हुकम. गामे जई आव.” गावी जाऊन यायला चार दिवसांची रजा लिहिली, आज, मी न मागता. दोन वर्षं मागून मिळत नव्हती ती हातात आल्यावर मी तारीख दोनदा वाचून पाहिली. गल्लीला बोलावलेलं आहे, तेव्हा ते गुरुवारी कार्यक्रम बघणारच म्हणाले. मी म्हटलं, बघा, तुम्हीही थोडे आमचेच.

ता. क. तिसरा. गुरुवार, सव्वासहा. हे पत्र वहिनींच्या हाती आत पाठवतोय. मी बाहेर तुमच्याच ओट्यावर बसलोय. टीव्ही लावू नका असं वर लिहिलंय ते सोडून द्या, लावा. तुम्हाला जे विचारायचं आहे ते तोंडावर विचारण्याची हिंमत होत नाही, म्हणून शेवटी इथे लिहितो. यंदा तुम्ही गावी परातीत गहू घेतलेत, तेव्हा माझ्या नावाची मूठ घेतलीत का? सरस्वतीने वहिनींना तीनदा विचारलं, तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, “तुन्हा जेठलेच इचार,” म्हणजे तुम्हालाच. घेतली असेल तर मला आत हाक मारा, शेजारी बसून बघू. घेतली नसेल तर हाक मारू नका, फक्त आवाज जरा मोठा ठेवा. मी इथूनच ऐकेन.