पँटला चेंडू पुसल्याबद्दल

१५ जून
ॲडम्सटाउन, दादाकडे. वहिनीने प्रेसमधून (इथले आयरिश कपाटाला हेच म्हणतात) चकल्यांचा डबा काढला. दादाचं परत तेच: बेसबॉल पुरे, नीट नोकरी धर. मी म्हटलं, हॉलंडचा क्लब चेंडू फेकणाऱ्या पिचरला पगार देतो, त्यांचा माणूस पुढच्या रविवारी मला बघायला येतोय. दादा चकली मोडत म्हणाला, "बघून परत जायला काय लागतं?"
डोकं फिरलं. नागपूरला पंचाने कोपर वाकतो म्हणून मला फेकी ठरवलं, बोलिंगच बंद केली. तेव्हा विकेटमागे हाच दादा उभा होता, ग्लोव्ह्ज घालून. चकार शब्द काढला नाही. इथे तोच कोपर वाकवला की टाळ्या पडतात.

२२ जून
ग्लोव्ह कोपऱ्यात भिरकावला. रागाने.
पहिले दोन बॅटर झटपट गेले. हॉलंडवाला कुंपणाला टेकून बघत होता. तिसऱ्याच्या आधी चेंडू पँटवर घासला. बस्स, एवढंच. शाळेपासून घासतोय, क्रिकेटचा लाल चेंडू चमकवायला. अंपायरने चेंडू काढून घेतला. पिचरने चेंडू कपड्याला पुसायचा नाही म्हणे, ती लबाडी. मैदानाबाहेर. वर पुढच्या मॅचला बंदी.
कोच कोलम म्हणतो, नियम पहिल्याच दिवशी सांगितला होता. असेल. त्याच्या त्या कॉर्ककडच्या आयरिश इंग्रजीतलं मला फक्त 'ग्रँड', म्हणजे 'ठीक', एवढंच कळलं होतं.
मी काय तिजोरी फोडली? दोन्ही खेळांत चोर ठरलेला जगात मी एकटाच असणार.
बसमध्ये एका आजींच्या कुत्र्याने माझा ग्लोव्ह चाटला. आज तोच काय तो नीट वागला.

२३ जून
सँडीफोर्ड, कॅफेत ड्यूटी. हॉलंडवाल्याचा मेसेज: उद्या रात्री फ्लाइट, दुपारी कुठेही थोडं फेकून दाखव. कोलमला विचारलं, तर बंदी असलेल्याला क्लबचं मैदान नाही, कॅचर नाही. "नियम तो नियम, सॅम." सॅम कोण? समीर म्हणायला जीभ झिजते?
कॅचर नाही तर काय भिंतीवर फेकू?
वहिनीला फोन करून सगळं ओकलो. मागून दादाचा आवाज: "किती वाजता म्हणावं?"

२४ जून
ॲडम्सटाउन, स्टेशनजवळची हिरवळ. हॉलंडवाल्याची ट्रेन चुकली, पुढच्या गाडीने येतोय. तोवर हे लिहितोय.
दादाने ऑफिसला दांडी मारली. हातात तेच विकेटकीपिंगचे ग्लोव्ह्ज. इथवर आणलेत, मला पत्ता नाही. पहिल्या चेंडूला "आई गं" म्हणाला, पण सोडला नाही.
मग विचारलंच, नागपूरला गप्प का बसलास?
"कारण कोपर वाकत होता, समीर."
पुढचा असा सणकावला की दादा मागे कलंडला. हसत उठला. परत फेकायच्या आधी चेंडू पँटवर घासायला लागला.
"पुसू नकोस रे," मी ओरडलो.
आत्ता समोर बसून बोटं चोळतोय. तरी म्हणतो, अजून दोन टाक, हात थंड पडेल.
गाडी आली वाटतं.