आठ नंबरची ऊब

२ नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी. याआधीच्या सगळ्या जानेवारीत सुरू केल्या आणि जानेवारीतच आटोपल्या. दोष माझा नाही, जानेवारीचा आहे. म्हणून या वेळी नोव्हेंबर.

निमित्तही तसंच आहे. आमच्या ज्येष्ठ निवासात आजपासून सेंट्रल कंट्रोल! आजवर प्रत्येक खोलीत एक खटका होता. एक आजोबा हीटर वाढवून खिडकी उघडी टाकायचे, शेजारचे तो बंद करून ‘गारठून मेलो’ म्हणत माझ्याकडे यायचे. खोल्या चोवीस, माणसं तेवीस, मतं पन्नास. आता सगळे खटके काढून टाकले. माझ्या ऑफिसच्या भिंतीवर एकच पॅनेल. खोलीचा नंबर, त्याखाली तापमान, शेजारी बटण. थंडीत गरम, उन्हाळ्यात गार, सगळं माझ्या एका बोटावर.

एक सुधारणा मात्र माझी स्वतःची. माझ्या ऑफिसच्या दारावर आठ नंबरची पाटी होती. व्यवस्थापक आणि आठ नंबर! सिस्टीमवाले तारा जोडून गेले आणि मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कोपऱ्यातल्या रिकाम्या खोलीची एक नंबरची पाटी काढली, ती ऑफिसला लावली, आणि ऑफिसची आठ तिकडे ठोकली. पाच मिनिटांचं काम, पण दाराला काय भारदस्तपणा आला!

निश्चय: रोज लिहिणे. कोणावर न चिडणे.

६ नोव्हेंबर

बाबा आले. स्वतःचं घर बंद करून, एक बॅग आणि एक ट्रान्झिस्टर घेऊन.

ताईचं म्हणणं होतं की ते तिच्याकडे राहतील. मी ऐकलं नाही. मी मुलगा, त्यात अख्खा निवास माझ्या हाताखाली. हिचं म्हणणं होतं की वर आपल्या क्वार्टरमध्ये राहू देत, बाहेरच्या खोलीत पलंग टाकू. मी म्हटलं, अगं, वर तो जुना हीटर फुरफुरतो, खाली सेंट्रल आहे. बाबांना कोपऱ्यातली आठ नंबर दिली. दोन बाजूंना खिडक्या, भरपूर उजेड. ताईला फोनवर शब्द दिला की त्यांना काही कमी पडू देणार नाही, पडलं तर तू खुशाल घेऊन जा. ताई म्हणाली की शब्द लक्षात ठेव.

ठेवीन की. माझ्यासमोर पॅनेल आहे.

११ नोव्हेंबर

थंडी सुरू. निवासाचे अध्यक्ष फोनवर म्हणाले की यंत्रणा उत्तम, पण विजेचा वापर जरा आटोक्यात आला तर बरं. म्हणजे काय, ते मी ओळखलं. कोणीतरी त्याग करायला हवा.

१२ नोव्हेंबर

केला. ऑफिसचं, म्हणजे एक नंबरचं बटण बंद. दुपारच्या जेवणाला सगळे हॉलमध्ये असताना उभं राहून जाहीर केलं की तुम्हा सर्वांना ऊब मिळावी म्हणून या हिवाळ्यात मी स्वतः गार खोलीत बसून काम करणार आहे. टाळ्या तुरळक. पण बाबांकडे पाहिलं तर त्यांचे डोळे भरून आले होते.

निवृत्त हेडमास्तरांना मात्र टोचायची सवय. म्हणाले की सगळ्या पोरांना एकाच मापाची चड्डी शिवून चालत नाही, आम्हाला आमचे खटके परत द्या. यांना विज्ञान कळत नाही. दुर्लक्ष.

१३ नोव्हेंबर

सकाळी बाबा ऑफिसात आले आणि स्वतःच्या गळ्यातला मफलर काढून माझ्या गळ्यात घातला. तुझी छाती लहानपणापासून नाजूक, म्हणाले. मी नको नको म्हणत होतो. ऐकेनात. शेवटी ठेवून घेतला. खुर्चीच्या पाठीवर टाकलाय, कारण खरं सांगायचं तर गरज वाटत नाही.

हेच नवल आहे! पॅनेलवर एक नंबरचं तापमान पंधरा. आणि मी नुसत्या शर्टावर! डोक्यावरच्या हवेच्या जाळीतून थोडी ऊब येते खरी, ती आजूबाजूच्या खोल्यांतून झिरपत असणार. पण मुख्य गोष्ट मनाची. एकदा मनाने घेतलं की अंगाला थंडी वाजतच नाही. हे इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर

एक नंबर तेरा! आल्यागेल्याला आकडा दाखवतो. किराणावाला बघतच राहिला. ‘मन आणि तापमान’ या विषयावर छोटं व्याख्यान द्यावं म्हणतो.

बाबा आता रोज दुपारी ऑफिसात येऊन बसतात. स्वेटर काढतात, समोरच्या खुर्चीत पाय पसरतात आणि डुलक्या घेतात. त्यांचा माझ्यावर किती जीव आहे, हे इतक्या वर्षांनी कळतंय. आणि तेरा डिग्रीत बिनधास्त झोप! कणखरपणा आमच्या घराण्यातच असणार.

आज हेडमास्तर आणि सात नंबरच्या शालवाल्या आजीही येऊन बसल्या. आजींनी चक्क शाल काढून ठेवली. त्यांनाही माझी संगत आवडायला लागलीय बहुतेक.

१९ नोव्हेंबर, दुपारी

शालवाल्या आजी सांगत आल्या की तुमच्या वडिलांच्या खोलीत फार गारठा आहे हो, भिंतीला हात लावला तर हात गारठतो. मी त्यांना पॅनेलसमोर उभं केलं. आठ नंबर: बावीस. आजी म्हणाल्या की तो आकडा काही म्हणू दे. आता या वयाला काय समजावणार!

तरी बाबांना विचारलं. ते म्हणाले छे, छे, उत्तम आहे, तू तेरा डिग्रीत बसतोस, मी कसली तक्रार करू. विषय संपला. तरीही मुलगा म्हणून आठ नंबर पंचवीसवर करून ठेवलं. शेवटी बाप आहे.

२० नोव्हेंबर

ऑफिसात घाम येतोय. तेरा डिग्रीत घाम! कामाची धग म्हणतात ती हीच.

ही चहा घेऊन आली आणि म्हणाली की इथे भट्टी लागलीय का? मी म्हटलं, तू स्वयंपाकघरातून आलीस, म्हणून तसं वाटतं. मग म्हणाली की बाबांचे हात बर्फासारखे आहेत, त्यांना वर घेऊन जाऊ या. तिलाही पॅनेल दाखवलं. ही पॅनेलकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिली. कप न घेताच गेली.

चिडलो नाही. निश्चय अजून शाबूत.

२३ नोव्हेंबर

उद्या अध्यक्षांची भेट. ऑफिसात म्हातारी मंडळी घोरत बसलेली बरी दिसणार नाहीत. सगळ्यांना आपापल्या खोल्यांत बसायला सांगितलं. हेडमास्तर फणकारले. बाबा उठले. स्वेटर घातला, त्याच्यावर दुसरा घातला, आणि ट्रान्झिस्टर उचलून गेले. दारात थांबून म्हणाले की खिडकी नीट लावून घे, वारा येतो. आमच्या खिडकीतून वारा येत नाही. बाबा आता जरा विसरभोळे झालेत.

२४ नोव्हेंबर

भेट झकास! अध्यक्षांनी एक नंबरचा आकडा वाचला, बारा. टाय सैल केला, कपाळ पुसलं आणि म्हणाले की तुमच्यासारखी माणसं दुर्मीळ. इथे अजिबात थंडी जाणवत नाही, असंही म्हणाले. मी म्हटलं, साहेब, मनावर असतं.

बाबांना खोकला. म्हातारपणी असतोच.

२६ नोव्हेंबर

स्वतः आठ नंबरमध्ये जाऊन आलो, म्हणजे कोणी म्हणायला नको. बाबा पांघरुणात, डोक्याला टॉवेल, वर शालवाल्या आजींची दुसरी शाल. आत शिरताच अंगावर काटा आला, हे खरं. पण मी गरम ऑफिसातून... म्हणजे थंड ऑफिसातून आलो होतो, कॉरिडॉर ओलांडून. त्यात फरक पडतो. आणि हाताला काय वाटतं त्यावरच ठरवायचं असेल तर एवढी यंत्रणा बसवली कशाला?

परत येऊन पाहिलं. आठ नंबर: पंचवीस. तरी अठ्ठावीस केलं. आणखी काय करू शकतो माणूस?

जरा अस्वस्थ वाटतंय. बहुधा या उकाड्याने.

२८ नोव्हेंबर

बाबांना हॉस्पिटलात नेलं. न्यूमोनिया. सकाळी त्यांना बसता येईना, दम लागत होता, ओठ निळसर दिसत होते. हिनेच अँब्युलन्स बोलावली. मी पॅनेलसमोर उभा होतो. अठ्ठावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस.

डॉक्टरांनी विचारलं की राहत्या खोलीत हीटिंग असतं ना? मी म्हटलं, सेंट्रल.

फार भीती वाटते आहे.

३० नोव्हेंबर

ताई आली. आधी हॉस्पिटलात गेली, मग इथे. बाबांची बॅग भरायला आठ नंबरमध्ये गेली आणि तशीच बाहेर आली. म्हणाली की तू म्हाताऱ्या माणसाला इथे ठेवलंस? मी तिला ऑफिसात आणून पॅनेल दाखवलं. आकड्यांपुढे कोणाचं चालत नाही. ती म्हणाली की अरे दगडा, खोलीत जाऊन उभा राहा एकदा, तिथे श्वासाची वाफ दिसते. मी म्हटलं, चारच दिवसांपूर्वी जाऊन आलो. तर म्हणाली की मग तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. बाबांना ती तिच्याकडे नेणार. तूच तसा शब्द दिला होतास, म्हणाली.

बाबा तिला हॉस्पिटलात म्हणाले म्हणे, त्याला बोलू नकोस, तो बिचारा आमच्यासाठी स्वतः गारठ्यात बसतो. हे मला बरं वाटेल म्हणून सांगितलं असावं. वाटलं नाही.

३ डिसेंबर

बाबा धोक्याबाहेर. ताईकडे गेले. गाडीत बसताना माझा हात हातात घेतला होता. धाप लागत होती.

रिकाम्या खोलीत अठ्ठावीस डिग्री कशाला? आठ नंबर बंद केलं.

४ डिसेंबर

मला थंडी वाजते आहे. तीन वेळा ताप मोजला, नाही. हातपाय गार. ही म्हणते, मनाला लागलं असेल. इतके दिवस हेच मन खंबीर होतं. आता काय झालं त्याला?

मफलर घातला. त्याला बाबांच्या केसांच्या तेलाचा वास येतो.

५ डिसेंबर, सकाळी

थंडी वाढली. ऑफिसात बोटं वळत नाहीत. सहज पॅनेलकडे पाहिलं. आठ नंबर: चौदा. एक नंबर: अकरा. मनात आलं, रिकामी खोली माझ्या ऑफिसपेक्षा उबदार? बंद नीट झालं नसेल असं वाटून आठचं बटण पुन्हा दाबलं.

डोक्यावरची जाळी फुरफुरली. गरम हवा आली.

बंद केलं. थांबली.

चालू केलं. आली.

स्टुलावर चढून जाळीला हात लावला. गरम. मग खाली उतरून एक नंबर चालू केलं आणि कॉरिडॉरमधून धावत कोपऱ्यातल्या खोलीत गेलो. तिथली जाळी सुरू झाली होती. बारा नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा, आणि तीही बाबा गेल्यावर.

तारा जुन्या नंबरांनी जोडल्या होत्या. पाट्या मी बदलल्या. सिस्टीमवाल्यांना सांगायला पाहिजे होतं का? म्हणजे मी जे बावीस, पंचवीस, अठ्ठावीस बघत होतो ते माझ्याच ऑफिसचं. आणि लोकांना कौतुकाने दाखवत होतो ते पंधरा, तेरा, बारा बाबांच्या खोलीचं. त्यांचं बटण मी स्वतःच्या हाताने बंद केलं होतं. वर टाळ्या घेतल्या.

तांत्रिक चूक. कोणाच्याही हातून झाली असती.

नाही. नसती झाली. आजींनी सांगितलं, हिने सांगितलं, माझ्या स्वतःच्या अंगावर काटा आला होता.

निश्चय: आजच्या आज ताईला फोन करून सगळं सांगणे. पाट्या बदलणे. सगळ्यांचे खटके परत बसवणे.

५ डिसेंबर, संध्याकाळी

ताईचा फोन लागला नाही. एकदा लागला, तेव्हा मी ठेवला. स्क्रू-ड्रायव्हर सापडत नाही.

हिला मात्र सांगितलं. मला वाटलं, ओरडेल. ती नुसती खाली बसली आणि म्हणाली की दुपारी तुमच्या ऑफिसात ते स्वेटर काढून बसायचे हो. मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. मलाही आवरलं नाही.

७ डिसेंबर

ताईचाच फोन आला. म्हणाली की बाबांना बोलायचंय, पण दोनच मिनिटं, त्यांना धाप लागते.

बाबांचा आवाज बारीक झालाय. मी सांगायचं पाठ करून ठेवलं होतं. तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच विचारलं की काय रे, ऑफिसातलं हीटिंग लावलंस का? मी तिथे असताना म्हणणार होतो, पण तू सगळ्यांसमोर जाहीर केलेलं, म्हटलं तुझा मान जाईल. आता माझं ऐक. अकरा-बारा डिग्रीत बसू नकोस. आमचं काय, आम्ही दोन स्वेटर घालतो. तुझी छाती नाजूक.

पाठ केलेलं सगळं गेलं. मी म्हटलं, हो बाबा, लावलं. एक नंबर चालू केलंय.

ते म्हणाले, बरं केलंस बाबा, माझा जीव टांगणीला लागला होता. मफलर वापरतोस ना, म्हणाले. मग ताईने फोन घेतला.

एक नंबर चालूच ठेवलंय. आता बावीस आहे. कोपऱ्यातली खोली छान उबदार झाली, कोट काढून बसावं इतकी. पलंगाची गादी गुंडाळलेली आहे. ट्रान्झिस्टर तेवढा इथेच राहिला.

आठ नंबर बंद आहे. मफलर गुंडाळून ऑफिसात बसलोय. थंडी वाजते.