आवकचा शिक्का

४ ऑगस्ट, दुपार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी गुन्हा सांगतो, ख्यालीखुशाली मागाहून. तू लिहिलंस की हेडमास्तरांकडे जाऊन माझ्यातर्फे पाया पड, त्यांनी दिलेल्या अनुभवाच्या दाखल्यामुळेच मला परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी लागली. मी पडणार नाही. तो दाखला त्यांनी दिलाच नव्हता. तो मी केलाय.

पत्र फाडू नकोस, पुढे वाच. तुझं शिकवायचं सर्टिफिकेट आलं तेव्हा बाबांनी त्याच्या चारी कडांवरून बोटं फिरवली आणि कागद चांगला जाड आहे म्हणाले. मग तू अकरा ठिकाणी अर्ज केलेस. अकराही ठिकाणांहून तेच उत्तर, दोन वर्षांचा अनुभव पाहिजे. म्हणजे नोकरीशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय नोकरी नाही. हेडमास्तर म्हणाले, पोरी, तू आमच्याकडे सहा महिने बिनपगारी शिकवलंस, तेवढंच लिहीन, वर एक दिवस नाही. तू तीन दिवस धड जेवली नाहीस. मला बघवेना.

म्हणून बाबा दुपारचे आडवे झाले तेव्हा खुंटीवरचा शाळेच्या ऑफिसच्या किल्ल्यांचा जुडगा उचलला. लेटरहेड घेतलं, तुझ्या वहीतल्या नमुन्याचं इंग्रजी उतरवलं, सहा महिन्यांचे चोवीस केले. हेडमास्तरांची सही तर मी आठवीपासून प्रगतिपुस्तकावर करतोय, त्यांच्यापेक्षा मला चांगली जमते. घाईघाईत एक शिक्का मारला, पाकीट डकवलं आणि तुला सांगितलं की सरांनी बजावलंय, उघडायचं नाही, असंच पाठवायचं. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. एवढी शिकलेली तू, आणि ही चूक?

महिनाभर मनातल्या मनात हसत होतो. पाया पडायचं वाचल्यापासून हसू बंद झालंय.

बाबा ठीक. डोळ्यांनी आता फक्त उजेड कळतो. काच काढलेल्या घड्याळाचे काटे बोटांनी चाचपतात आणि एक मिनिटही न चुकवता शाळेची घंटा देतात. शिपाई म्हणून रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण घंटा आणि किल्ल्या त्यांच्याकडेच, त्यापायी शाळेने ही मागची खोली आपल्याकडे ठेवलीय. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, तेव्हा तू पत्रंच लिही. मी वाचून दाखवतो.

कळावे. लोभ आटला असेल, तर तळाशी उरलाय तेवढा तरी असावा.

तुझा,
उपद्व्याप


२६ ऑगस्ट

चि. उपद्व्याप यास अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहिले गेले. खरं तर कानाखाली एक लिहायची होती.

तुझं पत्र यायच्या आधीच मला सगळं कळलं होतं. या क्लासच्या ऑफिसात एक कारकून आहे, तो नेमका आपल्याकडचा निघाला. तिसऱ्या आठवड्यात माझी फाईल लावताना त्याची नजर शिक्क्यावर गेली आणि तो पोट धरून हसायला लागला. संचालकांनी विचारलं, काय झालं. त्याने समजावलं की शाळेतून पत्र बाहेर जातं तेव्हा त्यावर जावकचा शिक्का बसतो, आणि बाहेरून येतं त्यावर आवकचा. या बाईंच्या दाखल्यावर आवक आहे. म्हणजे हा कागद शाळेतून निघालेलाच नाही. अरे गाढवा, शाळेच्या शिपायाचा मुलगा ना तू? दोन शब्द, त्यातलं एकेकच अक्षर वेगळं, तेवढंही वाचता येऊ नये?

मी शपथेवर सांगितलं की मला माहीत नाही. संचालक ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, व्हिसा या दाखल्यावर मिळालाय, तेव्हा एक तर पोलिसात जा, नाही तर दोन वर्षं माझ्या घरी काम कर. पासपोर्ट आणि फोन त्यांनी त्यांच्या कपाटात ठेवून घेतले.

एकोणीस दिवस मी शिकवलं. चौदा मोठी माणसं होती वर्गात. एक शिंपी होता, दोन ड्रायव्हर. एक बस-कंडक्टर तर प्रत्येक वाक्याच्या आधी थँक्यू म्हणायचा. तुझ्यावर सराव केला होता ते सगळं उपयोगी पडलं, तुझ्यापेक्षा मठ्ठ तिथे कोणीच नव्हतं. आता त्यांना कोण शिकवतं, माहीत नाही. मी फरशी पुसते, भांडी घासते, संचालकांच्या आईंना आंघोळ घालते, त्यांची दोन पोरं सांभाळते. स्वयंपाकघराला लागून सामानाची खोली आहे, तिथे निजते.

बाबांना खोटं सांगू नकोस. सांग, तुमची मुलगी बाई झाली. शाळेत शिकवते तीही बाई आणि भांडी घासते तीही बाई. आपल्या भाषेचे उपकार.

यापुढे पत्र कोपऱ्यावरच्या लाँड्रीवालीच्या पत्त्यावर टाक. कपडे आणायला मला एकटीला पाठवतात.

लोभ आहेच, नाइलाज आहे.

ताई


१४ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. म्हणजे कागद तुझा आणि मजकूर माझा. तुमची मुलगी बाई झाली एवढं वाक्य मात्र जसंच्या तसं वाचलं. बाबा खाटेवर उठून बसले. तीस वर्षं त्यांनी बायांच्या पिशव्या उचलल्या, बायांना पाणी दिलं, बाई आल्या की स्टुलावरून उठून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा दिली आणि टोला हातात तसाच ठेवून शाळेतल्या सगळ्यांना सांगत सुटले की आता आमच्याही घरात बाई आहे.

मग मला विचारलं, तिच्या वर्गात किती जणं? मी म्हटलं, तीन. ते म्हणाले, तीनच? मी म्हटलं, एक म्हातारी आहे आणि दोन पोरं आहेत, खास शिकवणी आहे. म्हातारपणी इंग्रजी शिकणाऱ्या त्या बाईचं त्यांना फार कौतुक वाटलं. मी बाहेर गेलो आणि नळाखाली डोकं धरलं.

ताई, मी आजपर्यंत लोकांच्या सायकलींची हवा सोडली, खुर्चीला डिंक लावला, हेडमास्तर मेल्याची खबर उठवून सुट्टी काढली. सगळ्यात शेवटी कोणीतरी हसायचं. यात हसणारा कोणी सापडेना. घाईत शिक्का मारला म्हणालो, पण खरं सांगू? घाई नव्हती. दोन्ही शिक्के समोर होते. कुठला कशाचा तेच मला माहीत नव्हतं, ठळक उठला तो मारला.

सुटायची काही वाट असली तर लिही. मी काहीही करतो.

तुझा,
उपद्व्याप


२ ऑक्टोबर

चि. उपद्व्याप यास अ. उ. आ.

वाट विचारलीस. आहे, पण त्या वाटेने जाऊ नकोस. हे पत्र मी तुला अडवायला लिहितेय.

लाँड्रीवालीच्या गिऱ्हाइकांत इथल्या कामगार कचेरीतल्या एक अधिकारी आहेत. त्या साड्या न्यायला यायच्या वेळी तिने मला बोलावून ठेवलं. इस्त्रीच्या टेबलामागे उभं राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, पासपोर्ट दाबून ठेवायचा त्याला हक्क नाही, तो मी सोडवीन. पण खोटा दाखला तुझ्या नावावर आहे तोवर तू दरवाजातून निघालीस की थेट पोलिसांकडे. शाळेने लेखी कळवलं पाहिजे की दाखला या मुलीने केला नाही, कोणी केला ते नावानिशी. मग तुला घरी पाठवता येईल. आणि महिनाअखेरीच्या आत. त्यानंतर व्हिसा संपतो, संचालक घरकामाच्या नावाने नवा काढतील, मग दोन वर्षं माझ्या हातात काही नाही, म्हणाल्या.

मी त्यांचे आभार मानले आणि कपडे घेऊन परत आले. नावानिशी म्हणजे तुझं नाव. आणि तुझ्या नावामागून किल्ल्यांचा जुडगा, जुडग्यामागून बाबा. ज्या माणसाने शाळेतला एक खडू कधी घरी आणला नाही, त्याच्या खुंटीवरून किल्ल्या चोरीला गेल्या असं शाळेत बोलायचं? घंटा जाईल. घंटा गेली की खोली जाईल. आंधळ्या माणसाला घेऊन कुठे फिरशील?

मी निभावून नेईन. हाताची सालं गेलीत, पण हात आहेत. एकाच गोष्टीची सवय होत नाही. म्हातारीच्या उशाशी एक लहानशी घंटा आहे, तिने वाजवली की मी धावायचं. पोरांनाही तो खेळ झालाय, दोघं पाळीपाळीने वाजवतात आणि मी आले की हसतात. बाबांच्या घंटेवर अख्खी शाळा धावायची. इथे घंटेवर मी एकटी धावते.

हे बाबांना वाचू नकोस. आणि काही करू नकोस, तुला माझी शपथ.

ताई


९ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र कामगार कचेरीच्या पत्त्यावर टाकतोय. तिथून शाळेच्या ई-मेलवर दोन ओळी आल्या की पासपोर्ट मिळाला, तुला त्यांच्या वसतिगृहात हलवलं, या महिन्यात घरी पाठवतील, आणि त्या देशात पुन्हा पाऊल ठेवता येणार नाही. संचालकांचं काय झालं ते लिहिलेलं नाही. क्लास चालूच असेल. त्या कंडक्टरला दुसरं कोणीतरी शिकवत असेल.

तुझी शपथ मोडली. तशाही माझ्या सगळ्या शपथा मोडक्याच असतात.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दीड पान लिहिलं, माझ्या नावानिशी, माझ्या अक्षरात. किल्ल्या चोरल्या, सही केली, ताईला काही माहीत नव्हतं, तिथे तिला भांडी घासायला लावलीत. हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, मग माझ्याकडे बघितलं आणि आता ही कसली नवीन थट्टा म्हणून विचारलं. आठ वर्षं मी त्यांना थापा मारल्या, खरं बोलायला गेलो तर त्यांना खरं वाटेना. मी रडलो तर म्हणाले, नाटकात काम कर.

शेवटी बाबांना बोलावलं. बाबा घंटेचा टोला हातात घेऊन आले. हेडमास्तरांनी माझा कागद त्यांना मोठ्याने वाचून दाखवला, सगळा. भांडी घासण्याचं आलं तेव्हा बाबांनी टोला दुसऱ्या हातात घेतला. बाकी काही नाही. वाचून झाल्यावर म्हणाले, साहेब, पोरगं खोटारडं आहे, तुम्हाला माहीत आहेच. दाखला मी केला. इंग्रजी बाजारातल्या टायपिंगवाल्याकडून लिहून घेतलं, सही तुमच्या जुन्या कागदावरून त्यानेच गिरवली, शिक्का मी मारला. दिसत नाही म्हणून चुकीचा पडला. डोळस माणूस आवकचा मारेल का?

ताई, हेडमास्तरांना ते एकदम पटलं. मी ओरडत होतो की मी डोळस आहे आणि मीच मारला, पण माझ्याकडे कोणी बघेना. माझा गाढवपणा बाबांनी स्वतःच्या डोळ्यांवर खपवला.

शाळेने कचेरीला पत्र लिहिलं आणि लगेच ई-मेलने पाठवलं, त्याखाली बाबांचा अंगठा आहे. त्यांना सही येते. पण दिसत नसलेल्या माणसाचा अंगठा बरा दिसतो, म्हणाले. या वेळी शिक्का जावकचा होता, मी दोनदा वाचला. हेडमास्तर पोलिसात गेले नाहीत, तीस वर्षांकडे बघून. टोला मात्र टेबलावर ठेवून घेतला आणि खोली सोडायला पंधरा दिवस दिले.

आता आम्ही पेट्रोलपंपामागे पत्र्याच्या खोलीत आहोत. मी पंपावर गाड्या धुतो. शाळेची घंटा इथवर ऐकू येते. नवा शिपाई दोन-तीन मिनिटं उशीर करतो. वेळ झाली की बाबांचा उजवा हात मांडीवरून उचलतो, हवेत थांबतो आणि मग परत खाली येतो.

इथे आल्यावर पहिल्याच दिवशी म्हणाले, तिची सगळी पत्रं काढ आणि लिहिलीत तशी वाच. मी एवढंच म्हटलं की एक पत्र मी फाडलं, दाखल्याविषयीचं, त्यात नुसता राग होता. बाकीची वाचली, राग आणि माझ्या नावाच्या ओळी गाळून. घंटेचं आलं तेव्हा त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. तेव्हापासून घालत नाहीत.

मी विचारलं, का केलंत? म्हणाले, तुला अजून नोकरी लागायचीय, माझी करून झालीय. आणि मला बजावलं की ताईला हे कधी कळता कामा नये. तिला वाटू दे की म्हाताऱ्याने केलं. बहिणीने भावावर जन्मभर राग धरण्यापेक्षा बापावर चार दिवस धरलेला बरा.

त्यांना माहीत नाही की तुला माझ्या पहिल्या पत्रापासून माहीत आहे. म्हणून पाया पडतो. तू आलीस की शाळेचं पत्र खरं मान. दारातच त्यांच्यावर रागाव, मोठ्याने, ऐकू जाईल असं. विचार की बाबा, असं कसं केलंत. ते मान खाली घालतील, घालू दे. तीस वर्षांत त्यांनी एक शिक्का चुकवला नाही आणि आयुष्यात मारली ती ही एकच थाप. ती फुकट घालवू नकोस. त्यांना कळू देऊ नकोस. लाँड्रीवालीला नाही, कचेरीतल्या बाईंना नाही, कुणालाच सांगू नकोस, ताई. हे पत्र तिथेच फाड.

लोभ ठेव म्हणायचं तोंड नाही. एवढं गुपित ठेव.

तुझा,
उपद्व्याप