सांभार बरोबर आहे

९ जानेवारी, मालेगाव
चौथीच्या हजेरीत आज दोन नावं सुटली. पोरांनीच आठवण करून दिली. तिसरी खेप उतरून तीन महिने झाले, पण डोकं अजून... (डिप्रेशन म्हणवत नाही, खेप म्हणते.) डॉक्टरबाई म्हणाल्या, पुन्हापुन्हा हा आजार होणाऱ्यांवर अभ्यास चाललाय. कुणाची स्मरणशक्ती फार घसरते, कुणाची नाही. जनुकांतल्या फरकाचा त्यात काही हात आहे का, ते बघताहेत. रक्त आणि काही चाचण्या. हो म्हटलं. माझ्या डोक्याची झडती मलाच घ्यायचीय.

१४ जानेवारी, इंझोरी
संक्रांतीला दादाकडे. फॉर्म दाखवला. ‘वडिलांना मानसिक आजार होता का?’ मी ‘हो’ लिहिणार म्हटलं, तर तिळगुळाची वाटी आपटली त्याने.
“बाबाले काई नोतं. थकले होते फक्त.”
चार महिने बाजेवर पडून होते, एक शब्द न बोलता. मी नववीत. मीच भरवायचे.
“तुले सकाळचं आठवत नाही, अन् थे बरं आठवते? रेणूले पाहाले पाहुणे येऊन राह्यले. खानदानात पागलपण हाय म्हणून लिहून देतं काय?”
रेणू त्याची थोरली. तिच्या नावावर माझं तोंड बंद करतो. येताना रस्ताभर संताप. आणि खरं लिहायचं तर भीतीही. बाबांचं ते आजारपण खरंच माझ्या डोक्यातलंच असेल तर?

२१ जाने.
चाचण्या झाल्या. आकडे उलटे म्हणताना पाचावर अडले. पंधरा शब्द ऐकवले, अर्ध्या तासाने विचारले. नऊ सांगितले. तपासणारी मुलगी पुण्याकडची, तिने आठच धरले.
“सांभार यादीत नव्हतं, मॅडम.”
“कोथिंबीर होती ना?”
“हो.”
“मग तीच. आमच्याकडे सांभारच म्हणतात. बाजारात जाऊन विचारा.”
“पण शब्द तोच लागतो.”
खुर्चीतून उठलेच नाही. शेवटी डॉक्टरबाई आल्या, हसल्या, कागदावर ‘सांभार बरोबर’ लिहून सही केली. सहा शब्द गेले ते गेलेच, त्याला माझी ना नाही. पण जे आठवतं ते आठवतं.
लगेच फॉर्ममधला बाबांचा रकाना भरला. ‘हो. चार महिने. बोलत नव्हते.’ मग रक्त दिलं. एकेकाचा वेगळा निकाल सांगत नाहीत म्हणे. जनुक म्हणजे पत्रिका नव्हे, असं बाई दोनदा म्हणाल्या.

२३ जाने.
दादाला फोन करून मीच सांगितलं.
“आता इकडं येऊ नोको.”
“येईन. माहेर आहे माझं.”
आणि मी फोन ठेवून दिला. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२ फेब्रुवारी
पाहुणे काल येऊन गेले. मधल्या सुट्टीत रेणूचा फोन. वाटलं, भांडणार.
“आत्या, आबाले काय होत होतं? खरं सांग मले.”
बाबांचं सांगितलं. जेवण नको, अंघोळ नको, हाक मारली तरी ओ नाही. सगळं क्रमाने आठवलं, कुठे अडले नाही.
“बस कर,” म्हणाली. मग आवाज खाली आणून, “दिवाळीपासून माह्यं बी तसंच हाय. घरचे म्हणतात, लग्नाचं म्हणून लाजून राह्यली.”
उद्याची रजा टाकली. सकाळच्या एसटीने इंझोरी. दादा दारात आडवा उभा राहील. राहू दे.