अठ्ठ्याण्णव इंच आणि माझी खिडकी

२ फेब्रुवारी, सोमवार

हॉलच्या भिंतीवर वर्तमानपत्रं! एकाला एक चिकटपट्टीने जोडलेली, सव्वासात फूट लांब आणि चार फूट उंच. मी भाजी घेऊन आत आले आणि दारातच थबकले. म्हटलं, रंगकाम काढलंय की काय?

"टीव्ही," हे म्हणाले. "एवढा येईल. अठ्ठ्याण्णव इंची."

मी त्या वर्तमानपत्रांशेजारी उभी राहून बघितलं. आडवी झाले तरी दोन फूट उरतील. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे करण्यात यांची पस्तीस वर्षं गेली, आता निवृत्त होऊन सहा महिने झाले. मापं घ्यायला नळाचे पाइप नाहीत, तर घराचीच घेतात. परवा माझ्या शिवणाच्या डब्याचं माप घेतलं. कशाला, देव जाणे.

आहे तो टीव्ही धडधाकट आहे. बिचाऱ्याचा एकच दोष, तो माझ्या खिडकीसमोर येतो.

३ फेब्रुवारी

पडद्यावरून पुन्हा वाजलं. दुपारी सामना होता. यांनी उठून खिडकीचा पडदा ओढला, मी उठून सरकवला. यांनी ओढला. मी सरकवला.

यांना कितीदा सांगायचं? मी रफूचं काम करते. वकीलबाईंचा काळा कोट मांडीवर आहे, कोपराजवळ फाटलेला. कोटाच्याच आतल्या शिवणीतला धागा उसवून घ्यायचा आणि एक-एक टाका विणत जायचं. काळ्यावर काळं! त्याला उजेड लागतो, दिव्याचा नाही, दिवसाचा. बावीस वर्षं त्या खिडकीशी माझं मशीन आहे. लेकीचं शिक्षण त्या कोपऱ्यातून झालं. या घरात माझं म्हणावं असं तेवढंच साडेपाच फूट आहे.

"दिवसभर टीव्हीत तूच दिसतेस," हे म्हणाले. "तुझी पाठ आणि खिडकी."

मग बघू नका!

४ फेब्रुवारी

आज पडदा नाही, बोलणं नाही. बरं झालं. कोटाची बाही अर्धी झाली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात नेलं. मी यायला तयार नव्हते, पण "तू बघितल्याशिवाय मी घेणार नाही" असं म्हणून तासभर चपला घालून दारात उभे. माणूस असा उभा राहिला की जावंच लागतं.

तिथे तो अजस्र प्रकार भिंतीवर चालू होता. बर्फाचे डोंगर, त्यावर ऊन. माझे डोळे दिपले, अक्षरशः पाणी आलं. टाय लावलेला विक्रेता लगेच म्हणाला, "बघा मॅडम, किती भावुक होतात लोक." भावुक! गॉगल द्या म्हटलं.

मग त्याने सुरू केलं, निट्स. म्हणजे उजेडाचं माप. याला चार हजार निट्स, त्याला पाचशेच.

"नीट म्हणजे?" मी विचारलं.

"निट्स मॅडम. जितके जास्त तितकं चांगलं."

आमच्या घरात एक गोष्ट नीट होत नाही आणि इथे चार हजार! मला हसू आवरेना. यांचा चेहरा पडला. कोणासमोर हसले की यांना लागतं, ठाऊक आहे मला. तरी हसले.

टायवाला म्हणाला की अंधाऱ्या खोलीत एवढा झगझगीत लागत नाही, जाड पडदे लावले तर यापेक्षा साधाही चालेल. हे त्याला खांद्याला धरून पलीकडे घेऊन गेले आणि हळू आवाजात काहीतरी विचारत राहिले. दहा मिनिटं! मी कपडे धुण्याच्या यंत्रांची दारं उघडून बंद करत बसले. कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं कळलं.

६ फेब्रुवारी

सकाळपासून टेप घेऊन फिरताहेत. भिंत ते सोफा. भिंत ते दार. मग माझ्या पाठीमागे येऊन उभे.

"जरा उठतेस?"

उठले. स्टुलापासून भिंतीपर्यंत टेप ताणली. तेरा फूट. वहीत लिहिलं. मग मशीनची लांबी, रुंदी, खिडकीची उंची.

"हे कशाला?"

"जमवतोय. तू बघच."

जमवतोय म्हणे! घरातलं सामान हलवायचं असलं की यांचा हाच शब्द असतो. मागच्या खेपेला असंच जमवलं आणि माझी शेगडी आठवडाभर बाल्कनीत होती.

८ फेब्रुवारी, रविवार

ऐकलं. माझ्या या कानांनी ऐकलं.

मी स्वयंपाकघरात होते, हे हॉलमध्ये फोनवर. दुकानाशीच बोलणं चाललेलं.

"हो हो. खिडकीजवळचं मशीन काढलंय मी. ...स्टूलसुद्धा काढलंय. ...नाही नाही, खिडकी पूर्ण मोकळी धरा."

हातातली वाटी पडली. फुटली नाही, स्टीलची होती. मीही नाही फुटले.

काढलंय! मी अजून त्यावर बसते, काल त्यावर चार पँटी आखूड केल्या, आणि यांच्या हिशेबी ते केव्हाच निघालं. विचारायचीसुद्धा गरज नाही. बावीस वर्षांचं मशीन आणि मी, दोघींना एका वाक्यात घराबाहेर! एका टीव्हीसाठी!

तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलले नाही. बोलले असते तर रडले असते, आणि यांच्यासमोर रडायचं नाही असं ठरवलं.

९ फेब्रुवारी

लेकीला फोन केला.

"आई, तू विचारलंस का बाबांना?"

"विचारायचं काय त्यात? काढलंय म्हणाले."

"अगं पण विचार तरी. तू ना, स्वतःच प्रश्न घालतेस, स्वतःच उत्तर देतेस आणि मग बाबांवर रुसतेस."

बापाची लेक! फोन ठेवून दिला. मग वाईट वाटलं. पण परत केला नाही.

दुपारी हे म्हणाले, "एकट्याने किती बघायचं. मजा येत नाही." कशाबद्दल ते मी विचारलं नाही. मी यांच्याशी कामापुरतंच बोलते आहे. मीठ हवं का? दार लावलं का? एवढंच.

११ फेब्रुवारी, बुधवार

कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवाल्याकडे गेले. जुनी ओळख, माझं अर्धं काम त्याच्याकडूनच येतं. म्हटलं, मागे मशीनपुरती जागा देशील का?

"ताई, कधीही या. पण घरचं काय झालं?"

"घरी टीव्ही येतोय."

त्याला काही कळलं नाही. चांगलंच झालं.

जागा दाखवली. इस्त्रीच्या वाफेशेजारी, खिडकी नाही, वर एक ट्यूब. वकीलबाईंचा कोट पिशवीत होता, कोटातला धागा पुरला नव्हता म्हणून काळं रीळ काढलं, म्हटलं दोन टाके घालून बघू. वीस घातले. जमलं की, असं वाटलं. बाहेर रस्त्यावर येऊन बाही उन्हात धरली, तर निळा! गडद निळा धागा, काळ्या कोटात! ट्यूबखाली दोन्ही एकच दिसत होते. बावीस वर्षांत अशी चूक केली नव्हती.

घरी आले, माझ्या खिडकीशी बसले आणि वीसच्या वीस टाके उसवले. हे दोनदा येऊन गेले. "चहा करू?" नको म्हटलं. तरी केला. मी प्यायले नाही, साय धरली त्यावर.

१२ फेब्रुवारी

ठरलं. यांनी काढण्याआधी मीच काढते. निदान कोणी हात धरून उठवलं असं तरी होणार नाही. काळी कामं घेणार नाही यापुढे. पांढरी घेईन, रंगीत घेईन. वकीलबाईंना सांगेन, दुसरं कोणी बघा.

१४ फेब्रुवारी, शनिवार

हे केस कापायला गेले. तेवढ्यात लॉन्ड्रीवाला आणि त्याचा मेहुणा टेम्पो घेऊन आले. दहा मिनिटांत मशीन खाली. जिन्यात एकदा धडकलं. स्टूल मी स्वतः उचललं.

कोपरा पुसून घेतला. फरशीवर मशीनच्या पायांचे चार पांढरे ठिपके उरले आहेत. घासून जात नाहीत.

हे आले. कानामागे केसांचे तुकडे तसेच. दारातून सरळ कोपऱ्याकडे बघितलं.

"मशीन काढलंस?"

"काढलं."

मला वाटलं होतं, निदान सुटल्यासारखा चेहरा होईल. तसं काही नाही. नुसतं म्हणाले, "बरं." भिंतीपाशी गेले आणि वर्तमानपत्रं काढायला लागले. एक-एक, चिकटपट्टी न फाडता, घडी घालून.

आता हे काय नाटक? हवं होतं ते मिळालं ना? दिवसभर टीव्ही लावला नाही. पडदासुद्धा ओढला नाही. मीच मोकळ्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे बघत बसले. ऊन वाया जात होतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दुकानाचा फिटर आला. हे दूध आणायला गेले होते. त्याने हॉलभर बघितलं आणि विचारलं, "मशीन कुठंय?"

"तुम्हाला काय करायचंय मशीनशी?"

"साहेब म्हणाले, टीव्हीवरची चकाकी तिथे बसून बघायची. दिवसा, पडदा उघडा ठेवून. म्हणून तर हा एवढा झगझगीत घेतायत." आणि त्याने खिशातून कागद काढला.

यांच्या हातचा नकाशा. पेन्सिलीने. भिंत, सोफा, दार. खिडकीवर लिहिलेलं, 'पडदा नाही'. आणि खिडकीशी माझं मशीन काढलंय. चाक, पायडल, शिवणाचा डबासुद्धा. स्टूल काढलंय, जरा तिरकं, मला मान वळवावी लागू नये म्हणून. स्टुलापासून टीव्हीपर्यंत एक रेघ, तेरा फूट. सोफ्यावर लिहिलंय 'मी'. स्टुलावर 'ही'.

फिटरला बसवलंय. लॉन्ड्रीवाल्याचा फोन लागत नाहीये. मीच जाते.