दोन बटणांचा प्रेस

चि. धम्मपाल,
जयभीम.

तुझं ते रॉक का काय ते गाणं आज कँटीनमध्ये सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. कारखान्यातल्या पत्रा दाबायच्या प्रेसचा दणदणाट, तुझं किंचाळणं, रक्तच रक्त. लोक बंदी घाला म्हणून बोंबलतायत. मला रक्ताचं काही नाही. पण माझी तीन बोटं गेली त्या प्रेसचं एक बटण कामगारच तार बांधून दाबून ठेवतो, असं दाखवलंस? अरे, दोन्ही हात दोन बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, ते हात वाचावेत म्हणूनच! ती तार सुपरवायझरनं बांधली होती, माल भराभर निघावा म्हणून. आता तोच तुझा व्हिडिओ दाखवत फिरतोय, "बघा, पोरगाच सांगतोय." चाकणभर लाज काढलीस बापाची!

कुणी सांगितलं होतं तुला तसं?

मीच. नोकरी टिकावी म्हणून 'चूक माझी' लिहिलेल्या कागदावर, उजवा हात पट्टीत होता म्हणून, डावा अंगठा उठवला आणि घरीही बारा वर्षं तेच सांगत राहिलो.

हे पत्र पाठवायची हिंमत नाही. पण गाण्याच्या शेवटी तू ओरडतोस ना, "माझा बाप खोटं बोलत नाही," तेवढं काढून टाक रे.

तुझा,
पप्पा