आधी हिरवं

१८ जानेवारी, रविवार
उशीर झाला, माफी असावी. पहिली सतरा पानं कोरी सोडून अठराव्यावर सुरुवात करतो आहे. मुलगा बोटीवर असतो. तो दरवर्षी कंपनीची जाड डायरी पाठवतो आणि फोनवर विचारतो, "बाबा, लिहिताय ना?" मी होय म्हणतो. त्या थापेची आता शिसारी आली, म्हणून बसलो.

नात आली आहे. सायली, घरात सायू. पुण्याला कॉलेजात शेवटचं वर्ष. विषय, इंटरॅक्टिव्ह कॉम्प्युटिंग. आळीतले लोक विचारतात, नात काय शिकते, आणि मी "कॉम्प्युटर" म्हणून पावसापाण्याचं काढतो. आज तिलाच विचारलं. म्हणाली, "माणूस आणि यंत्र एकमेकांशी बोलतात ना आजोबा, ते नीट व्हावं म्हणून." मी बर्फ कारखान्यात अडतीस वर्षं कॉम्प्रेसरवर काढली. यंत्राशी कधी बोललो नाही. यंत्र बोलायला लागलं की समजायचं, बेअरिंग गेलं.

तीन आठवडे राहणार. शेवटचा प्रोजेक्ट इथल्या म्हाताऱ्यांवर आहे म्हणे. यावर पदवी मिळते की अडते ते ठरणार.

२० जाने., मंगळवार
स्वयंपाकघराच्या भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या. मोजल्या नाहीत, पण फडताळ दिसेना. एकीवर "आजी चष्मा शोधते", दुसरीवर "आजोबा रागावतात". सौ. म्हणाली, "निदान खरं लिहिलंय." मला ओंगळ वाटलं. घरातलं असं भिंतीला लावायचं?

प्रोजेक्टचं नाव खुशाली. ज्यांची मुलं मुंबईला, बोटीवर, आखातात, त्या म्हाताऱ्यांनी रोज सकाळी फोनवर एक खूण दाबायची. हिरवी म्हणजे बरं आहे. नारिंगी म्हणजे बरं नाही. मग खालचा बाण. मुलाच्या फोनवर पोचलं. कल्पना वाईट नाही, हे तिला बोललो नाही.

पण करते काय? पुठ्ठा कापून फोन केलाय. त्यात कागदाचे चौकोन सरकवते. कॉम्प्युटरची पदवी आणि हातात कातर. हे बालवाडीत करतात.

२३ जाने., शुक्रवार
ओटीवर आळीतली आठ माणसं बोलावली. एकेकाच्या हातात तो पुठ्ठा. म्हणे, करून बघा.

रघूअण्णा माझा शाळेपासूनचा. मी सातवीला सुटलो, तो आठवीला, म्हणून अजून स्वतःला शिकलेला समजतो. त्याने पुठ्ठा उलटा धरला आणि मागे बोट दाबत राहिला. मालतीवहिनींनी पुठ्ठ्यावर चिकटवलेला मुलाचा फोटो पाहिला आणि फोटोलाच विचारलं, "जेवलास का रे?" बाण वगैरे राहिलं बाजूला.

आणि ही पोरगी गप्प. म्हातारी माणसं चाचपडतायत, घाम पुसतायत, एकमेकांकडे बघतायत, आणि ही समोर बसून वहीत लिहिते. मदत करायची नाही, हा म्हणे नियम. मी एकदा अण्णाला "अरे सुलट धर" म्हणालो तर मलाच "आजोबा, प्लीज".

सगळे गेल्यावर म्हणाली, "आज छान चुका मिळाल्या." मला किळस आली. पडलेल्याला आधी हात देतात. त्याचं पडणं लिहून घेत नाहीत.

"पण ते चुकले नाहीत तर माझी चूक मला कशी दिसणार?"

कारखान्यात हे वाक्य कोणी उच्चारलं असतं तर त्याच दिवशी घरी गेला असता. तिथे चूक म्हणजे अमोनियाची गळती.

२६ जाने., सोमवार
रविवारी पुण्याहून तिच्या मॅडम येणार. आता पुठ्ठा नाही, खरा फोन. आठही जणांची परीक्षा त्यांच्यासमोर. नंतर आठवडाभर रोज सकाळी ज्याने त्याने आपापल्या घरी दाबायचं. त्यावर मार्क.

म्हणजे अण्णा पुन्हा उलटा धरणार आणि वहिनी फोटोला जेवण विचारणार, आणि माझी नात नापास. दोन वेळा ताकच घेतलं. सौ. म्हणते, "परीक्षा तिची आहे, तुमची नाही." हिला काय कळतंय.

आमच्या शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हा गुरुजी आदल्या आठवड्यात ठरलेली उत्तरं घोकून घेत. साहेब खूश, गुरुजी खूश, आम्हाला खाऊ. कोणाचं काय बिघडलं?

२८ जाने., बुधवार
सायू बाजारात गेली ती वेळ साधून सगळ्यांना देवळामागे जमवलं. कुंपणाच्या जांभ्याच्या गडग्यावर खडूने फोन काढला. वर एक गोल, खाली एक गोल, त्याखाली बाण. कारखान्यात नवा माणूस आला की मी असाच शिकवायचो. आधी पाण्याचा कॉक, मग मोटर, आणि शेवटी मोठ्याने "झालं" म्हणायचं, म्हणजे पलीकडच्याला कळतं.

"आधी हिरवं. मग बाण. मग म्हणायचं, झालं."

अण्णा म्हणाला, "आणि ती खालची नारिंगी कशाला?"

"तिला हात लावू नको. तिथे गोंधळ होतो."

"बरं नसलं तर?"

"तू पहिल्यांदा नीट दाबायला शीक."

मालतीवहिनी पाचव्या वेळी चुकल्या नाहीत. टाळ्या झाल्या. परत येताना अण्णा म्हणतो, "तू गुरुजी झाला असतास, सातवी झाला असतास तर." नालायक.

गडगा पाण्याने धुतला.

१ फेब्रुवारी, रविवार
मॅडम आल्या. वयाने सायूच्या थोरल्या बहिणीसारख्या, केस कापलेले, चहा नको, पाणी नको. आठही जणांनी धडाधड करून दाखवलं. आधी हिरवं, मग बाण, मग "झालं". एक चूक नाही. अण्णा तर फोन हातात यायच्या आधीच बोट पुढे करून बसला होता.

मॅडमनी विचारलं, "सगळे शेवटी 'झालं' म्हणतात. इथली पद्धत आहे का ही?"

सायूने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "हो मॅडम. इथे म्हणतात."

मॅडमनी लिहून घेतलं. मला हसू आवरेना, आत जाऊन तांब्या विसळत उभा राहिलो. सायू जेवली मात्र कमी.

अण्णाच्या पायाला फडकं. परवा कालवं काढायला कातळावर गेला तिथे शिंपलं लागलं. साखरेचा आजार आणि हे उद्योग. बोललो तर म्हणतो, "ओरखडा आहे."

५ फेब्रु., गुरुवार
अण्णाला सकाळी हॉस्पिटलात नेलं. पाय काळा पडला आहे. तीन दिवस ताप होता.

त्याचा नंदू डोंबिवलीला. त्याचा फोन सायूलाच. मी शेजारी होतो, सगळं ऐकू आलं. "तीन दिवस रोज सकाळी तुझं ते हिरवं येत होतं. मी निवांत कामावर जात होतो. काय बनवलंस गो तू?"

सायू एवढंच म्हणाली, "दादा, मी बघते."

हॉस्पिटलात गेलो. अण्णा ग्लानीत. त्याच्या बायकोने मला बघितलं आणि तोंड फिरवलं. मग भिंतीकडे बघून म्हणाली, "मी म्हटलं त्यांना, खालचं दाबा. म्हणाले, तो म्हणालाय तिला हात लावू नको."

घरी कसा आलो आठवत नाही. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, कुठे जायचं.

६ फेब्रु., शुक्रवार
पोरीने भिंतीवरच्या चिठ्ठ्या काढल्या. एकेक सोलून, गठ्ठा करून. "माझंच चुकलं. हिरवं वर ठेवलं ना मी. वरचं असतं ते माणूस दाबतं. नारिंगी खाली कोणाला दिसलंच नाही." मॅडमना तसंच लिहून पाठवणार म्हणाली.

मी समोर बसून शेंगा सोलत होतो. तोंड उघडलं नाही. एवढा उबग मला कधी कोणाचा आला नव्हता. कारखान्यात एकाने स्वतःची चूक दुसऱ्यावर ढकलली होती, त्याच्याशी मी सहा वर्षं बोललो नाही. आज तोच मी.

८ फेब्रु., रविवार
सांगितलं. सौ.ने सांगायला लावलं असं नाही, पण चहा देताना म्हणाली, "गडगा धुतलात तरी मला दिसायचं ते दिसलं."

सायूला सगळं सांगितलं. खडू, गोल, बाण. वाटलं ओरडेल. ओरडली असती तर पचलं असतं. बराच वेळ पुठ्ठ्याचा तो फोन हातात फिरवत बसली. मग म्हणाली, "त्या 'झालं'वरून मला वाटलंच होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"आठच्या आठ बरोबर आले होते ना, आजोबा. मॅडम खूश होत्या. मीपण गप्प बसले." आणि मग, "आठही जणांचा निकाल आता फेकून द्यावा लागेल. हेही मॅडमना लिहावं लागेल, की मला कळलं होतं."

"मग तुझी पदवी?"

"माहीत नाही."

मी म्हणालो, सगळं माझ्यावर घाल, म्हातारा अडाणी आहे म्हणून सांग. तर बघतच राहिली माझ्याकडे. त्या बघण्यात मला माझीच किळस दिसली, की तिला तिची, हे कळलं नाही.

९ फेब्रु., सोमवार
सकाळच्या गाडीने गेली. हातखंब्याच्या फाट्यापर्यंत पोचवायला येतो म्हणालो. "नको." पाया पडली. सौ.ने पाटवड्या दिल्या त्या घेतल्या.

भिंतीवर चिठ्ठ्यांचे चौकोन उमटले आहेत. धूर तेवढा लागला नव्हता तिथे.

१४ फेब्रु., शनिवार
अण्णा घरी आला. पायाची दोन बोटं काढली. मी उंबऱ्यातच उभा. त्याची बायको म्हणाली, "या आत, आता काय राहिलंय." आत गेलो. माफी मागायला गेलो आणि त्याची उशी सरळ केली.

अण्णाच म्हणाला, "तुझ्या नातीला सांग, बटणाचा दोष नाय. तुझापण नाय सगळा."

"मी म्हटलं होतं ना हात लावू नको."

"तू म्हणालास म्हणून मी आयुष्यात काय ऐकलंय रे तुझं? नंद्याला नारिंगी गेली असती तर रजा टाकून आला असता. नवी नोकरी. मालक कसा तो तुला माहीत नाय. बापूस बरा नाय, हे कळवून काय करायचं? त्याला तापच द्यायचा." मग म्हणाला, "बायकोला सांगितलं तुझं नाव. ती गप्प बसावी म्हणून."

हरामखोर. आठवडाभर मी स्वतःला कोसत होतो. पण शिव्या देता येईनात. दोन्ही डोळे भरून आले ते त्याने बघितलं आणि म्हणाला, "रडू नको, बोटं माझी गेलीत."

१७ फेब्रु., मंगळवार
दोन दिवस विचार करतो आहे. सायूला हेच हवं होतं ना? हिरवं वर की खाली, याने काही होत नाही. म्हातारं माणूस खोटं बोलतं. बोट थरथरत नाही, चुकत नाही, मुद्दाम हिरव्यावर जातं. हे तिच्या वहीत नाही. हे कुठल्या पुस्तकात असेल तर मला माहीत नाही.

फोन केला. उचलला नाही. मग बोलून पाठवलं, सौ.ने बटण धरलं. अण्णाचं वाक्य होतं तसं सांगितलं, बोटांचंसुद्धा. खाली दोन खुणा आल्या. निळ्या झाल्या नाहीत.

२१ फेब्रु., शनिवार
खुणा निळ्या झाल्या. उत्तर नाही. सुनेला, सायूच्या आईला, विचारलं तर म्हणते, "काम चाललंय तिचं, बाबा. मॅडमकडे चकरा चालल्यात. मलाही काही सांगत नाही." सांगत नाही म्हणजे काय? पदवी अडली की नाही अडली, दोनच गोष्टी.

माझ्या फोनवर खुशाली अजून आहे. सायू गेल्यापासून मी रोज सकाळी दाबतो, तिच्याकडे जातं. आधी हिरवं, मग बाण. कालही दाबलं. काल मला चक्कर आली होती.

२५ फेब्रु., बुधवार
शिमगा तोंडावर आला. बोटीवरून मुलाचा फोन, यंदा त्याला जमत नाही. पालखी घरी येईल तेव्हा ओटी कोण भरणार, सौ.ने विचारलं. दरवर्षी सायू भरते. मी म्हणालो, बघू.

आज सकाळी चष्मा लावून फोन घेतला. बोट सवयीने हिरव्यावर गेलं. उचललं. खालचं नारिंगी दाबलं.

वाटलं होतं बाण येईल. बाण आला नाही. दुसरंच पान उघडलं. मोठ्या अक्षरात, "काय होतंय?" खाली तीन चित्रं. अंथरुणावर माणूस, "अंग बरं नाही". रिकामी खुर्ची, "मन बरं नाही". आणि दार उघडून कोणी आत येतंय, "भेटायला ये". दार आमचंच आहे. कोपऱ्यात सौ.ची तुळसही काढली आहे.

हे पान आठ जणांतल्या एकानेही पाहिलं नाही. मी पाहू दिलं नाही. मीही पाहिलं नव्हतं. तिने मात्र करून ठेवलं होतं.

तिसरं दाबलं. मग बाण. "झालं" म्हणालो नाही.

आता दुपार. फोन ओटीवर ठेवला आहे, मी शेजारी. दोनदा वाजला, दोन्ही वेळा अण्णा, शिमग्याला नाचता येणार नाही म्हणून रडगाणं. सायू, पदवीचं काय व्हायचं ते होवो, पालखीला येशील की नाही तेही नंतर सांग. पण मी आज खरं दाबलंय. ते तुला मिळालं का, एवढं तरी लवकर कळव.